पाठ चौथा : नदी

धडा सगळ्यांचा आहे, कुणीही दुरुस्त करावा,
असं वर लिहिलेलंच होतं.
मी फक्त दांडिया बाजारातल्या शनिवारच्या वर्गात
तो मोठ्यानं वाचला :
‘मुले नदीत मनसोक्त डुंबतात.’

पल्लव शिर्के हसला. मग अख्खा वर्ग.
‘बाई, विश्वामित्रीत? मगर खाऊन टाकेल ना!’

घरी येऊन वाक्य खोडलं, मगर घातली.
सकाळी मगर गायब.
डांगे सरांचा शेरा, यवतमाळहून :
लहान मुलं घाबरतील.
मी परत घातली. त्यांनी परत काढली.
मधल्या मध्ये कुणीतरी, नाव नाही,
माझ्या ‘जिवघेणी’तला जि
निमूट दीर्घ करून गेलं.
तीस वर्षं शिकवतेय मी. कान गरम झाले.

गडहिंग्लजच्या एक बाई विचारत्या झाल्या,
तुमची मगर दिसते तरी कशी?
मी पल्लवलाच बसवलं कळफलकापुढे.
त्यानं एका बोटानं लिहिलं :
‘ती हलत नाही. ओंडका वाटते.
काळा घोड्याच्या पुलावरून बघावी.
आमच्या नदीत पोहू नये.’

आठ दिवस कुणी हात लावला नाही.
मग डांगे सरांनी, काही न बोलता,
त्याच्या दोन शब्दांमधली जास्तीची जागा मिटवली,
आणि खाली त्यांच्या वर्गातल्या कुणा मुलीचं :
‘आमच्या नदीत पाणीच नसते.
आम्ही तिच्यात क्रिकेट खेळतो.’

धडा आता पानात मावत नाही.
पल्लव दर शनिवारी विचारतो,
बाई, मग त्यांचा बॉल
हरवतो तरी कुठे?