उचगावच्या बाईची सुरी

टिळकवाडीतल्या नव्या दुकानात
एसी होता, आणि माझ्या मागून एक मुलगी.
मी चमच्यांपाशी थांबले, ती थांबली.
सुऱ्यांपाशी आले, तीही आली.
छातीवरच्या बिल्ल्यावर नाव: सुगंधा.
"कुठला पीस दाखवू, मॅडम?"
म्हटलं, अनगोळात डबे करते, चाळीस.
रोजचा दहा किलो कांदा.
तिनं खोका उलटा करून वाचलं:
स्टेनलेस. पाच वर्षं वॉरंटी.
पण कांद्याला कुठली बरी?
तिनं पुन्हा खोका वाचला.
सुरी प्लास्टिकमध्ये बंद,
ते प्लास्टिक कापायला सुरी लागली असती.
हातात धरून बघू?
"फोडलं तर घ्यावं लागतं."
राग नाही आला तिचा. दिवसभर उभी,
बुटातून टाच काढून एकेक पाय टेकवत होती.
मी निघाले तेव्हा हळूच म्हणाली,
"आमची आई खडेबाजारातनं आणते ओ."

खडेबाजारात मेणशांचं दुकान.
कुलपं, किसण्या, घमेली,
छताच्या दोरीला लोंबणाऱ्या खोबरं खवायच्या विळ्या,
आणि फळीमागं दस्तगीर:
या गिऱ्हाइकाशी कानडी, त्याच्याशी मराठी,
कामाच्या पोरावर ओरडताना घरातली उर्दू.
माझ्या आधी एका पोराला सुरी हवी होती,
रिबीन बांधलेली, वाढदिवसाच्या केकला.
"बेकरीवाला फुकट देतोय की,"
दस्तगीरनं त्याला परत पाठवलं.
मेणसे गल्ल्यावरनं नुसते बघत राहिले.

"काय चिरता?"
चेहऱ्याकडे बघितलंच नाही त्यानं. हाताकडे बघितलं.
तीन सुऱ्या फळीवर ठेवल्या. हातात देत नाही तो.
हातात दिली की भांडण होतं म्हणे,
आणि गिऱ्हाइकाशी भांडण त्याला परवडत नाही.
बुट्टीतनं एक बटाटा काढून पुढं सरकवला.
कापा.

कापला. सुरी नेहमीसारखी तिरकी गेली.
माझी वडी तिरकी, काकडी एका अंगाला जाड,
पावाचा काप उतारावरच्या घरासारखा.
सासूबाई म्हणायच्या, हातालाच वळण नाही.
पुढं त्या गेल्या,
तेव्हापासून मीच म्हणत आले.

"यडगै येन्री?" आणि मग मराठीत,
"डावखुऱ्या काय?"
मी हात पदराआड नेला.
"एकाच अंगानं धार असते, बाई. उजव्यांसाठी.
तुम्ही सरळच कापताय.
वाकडी ती जाती."

मग तो शिडी चढला.
कुलपांच्या खोक्यांमागून
जुन्या कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी
फुंकून खाली आणलं.
लाकडी मूठ. उलट्या अंगानं घासलेली धार.
उचगावच्या एका बाईनं करायला सांगितली होती.
पन्नास रुपये इसार देऊन गेली,
ती गेलीच. दोन वर्षं झाली.
मेणसे म्हणतात, मोडीत घाल.
"म्हटलं, येईल कोणतरी तसल्या हाताची."

दुसरा बटाटा. दोन फाका,
दोन्ही सारख्या.
मी उगाच तिसरा मागितला.

"दोनशे ऐंशी. पन्नास तिनं दिलेत.
तुम्ही दोनशे तीस द्या."
असं कसं, म्हटलं.
"सुरीचे पैसे सुरीला," तो म्हणाला
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला,
त्याला नारळ सोलायचं काहीतरी हवं होतं.

पहाटे पाचला ओट्यावर आता टकटक वेगळी येते.
मुलगा म्हणतो, आई, झोपू दे की.
डब्यांच्या हिशेबाच्या वहीत
पन्नासाची एक नोट मी वेगळी ठेवलीय,
वर लिहिलंय: उचगाव, देणे.
डबे न्यायला येणारा रवळू तिकडचाच.
त्याला विचारलं,
तुमच्या गावात डाव्या हातानं चिरणारी
कुणी बाई आहे का रे? होती का?
तो डबे मोजत होता.
"असलं कोण बघतंय ओ, मावशी?"