इतर

मे महिन्यात घरं मोजायला निघालो,
हातात गेरूचा डबा, काडीला गुंडाळलेला कापूस.
सोनबर्डीत एकशे शहाऐंशी चौकटींवर आकडे टाकले.
एका गोठ्यावरही टाकला, कारण निंबाजी म्हणाला,
मी इथंच असतो म्हशीपाशी,
घर आता सुनेचं.

मग उरलं टेशन.
रुळांमधून बाभळी वर आल्यात.
पाटीवरचं 'सोन' पुसलं गेलंय, नुसती 'बर्डी' उरली.
तिकिटाच्या खिडकीत फणी, तेलाची बाटली,
वाळत घातलेले मूठभर सरगुंडे.

पंचफुलाबाई पऱ्हाट्या मोडत बसलेली.
माझ्या कागदावर तीन रकाने:
मालक, भाडेकरू, इतर.
'इतर'पुढं एवढुशी जागा,
कुणाचं नाव मावू नये इतकी.

बाई, घर कुठं?
'हे काय.'
हे तर सरकारचं.
'मंग सरकारले पूस,
थो कधी निजला इथं?'

गाव सांगतं ते एवढंच:
शेवटच्या गाडीतून ती पाणी प्यायला उतरली.
कुणी म्हणतं उतरली, कुणी म्हणतं उतरवली.
न्यायला पुन्हा गाडी आलीच नाही.
पुढं कुणी काही विचारलं नाही
आणि आता ती वेळ निघून गेली,
जसं वीस वर्षांच्या शेजाऱ्याला
नाव विचारता येत नाही.

बशीरभाई चक्कीच्या दगडाभोवतीचं पीठ
तिच्यासाठी झाडून ठेवतो.
ज्वारी, गहू, हरभरा, सगळ्यांचं थोडं थोडं.
त्या भाकरीचा पहिला घास खाऊन ती सांगते,
'डहाक्याच्या घरी पाव्हने आले वाट्टे,
बेसन हाय आज.'
कुणाचं दळण सरलं,
कुणी महिनाभरात दळायलाच आलं नाही,
तिला जिभेवर कळतं.
मग ती त्या दारावरून उगाच एक चक्कर मारते.

भांडून निघालेली सून
पिशवी घेऊन टेशनापर्यंत येते.
गाडी नसतेच.
पंचफुला काळा चहा मांडते,
पिशवी स्वतःच्या डोईखाली घेऊन झोपते,
म्हणजे रात्रीतून कुणी कुठं जाऊ नये.
बापानं झोडपलेले पोट्टेही बाकावर सापडतात.
या गावातून निघून जायचं तर
तिच्या अंगणातूनच जावं लागतं,
आणि ती सहसा जाऊ देत नाही.

मी काडी गेरूत बुडवून तसाच उभा.
ती म्हणाली, 'नऊ वर्सं झाली, मास्तर,
तुमची फटफटी रोज रस्त्याकडंच तोंड करून असते.
तुमचं घर कोठी हाय?'

तालुक्याला खोली आहे, म्हणालो. भाड्याची.
'ते नाही पुसलं.'

मग सांगितलं, या यादीत जे कुठंच बसत नाही ते.
आमचं गाव धरणात आहे.
उन्हाळ्यात पाणी उतरलं की
आमच्या विहिरीचा काठ वर येतो.
पाण्याच्या मधोमध विहीर.
पुनर्वसनाचा प्लॉट मिळाला होता,
तो मी विकला.
काहून, तिनं विचारलं नाही.
पऱ्हाट्यांचा भारा सरकवून
बाकावर जागा केली.

खिडकीच्या दगडावर मी १८७ लिहिलं.
गेरू जास्त झाला, सातचा पाय ओघळला.

तहसिलीत साहेबांनी लाल रेघ मारली:
वास्तू निवासी नाही.
एकशे शहाऐंशीवर सही झाली.

भिंतीवरचं पुसायला मात्र कुणी आलं नाही.
जूनमध्ये खिडकीच्या गजांतून
डहाक्यांच्या लग्नाची पत्रिका आत पडली.
वर लिहिलेलं, घर नं. १८७,
श्रीमती पंचफुलाबाई, सहकुटुंब.

तिनं ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.
'सहकुटुंब म्हंजे?'
सांगितलं.
तिनं बाकाखालच्या कुत्र्याकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
मग बाहेर, जिथं फटफटी उभी होती
अजून रस्त्याकडं तोंड करून.