इतर कारण

रात्री एक चाळीस. थोरल्या दवाखान्याच्या अपघात विभागात
जिनगोंडा पाटील, हुपरीचे, पैंजणांना डाग देणारे,
फळीसारखं ताठ पोट घेऊन आले.
फोटोत पडद्याखाली हवेची चंद्रकोर,
जिथं नसावी तिथं.
डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलंय, टेबल लावा,
आणि माझ्याकडं न बघता: तुला पाच मिनिटं.

पाच मिनिटांत चार पानं.
आतडं शिवल्यावर माणसाला लवकर पाजावं
की वारा सरेपर्यंत कोरडं ठेवावं,
हे आम्हाला माहीत नाही.
हे वाक्य मी याआधी एकशे सोळा वेळा म्हटलंय.
दर वेळी समोरचं माणूस पांढऱ्या कोटाकडं बघतं
आणि विश्वास ठेवत नाही.

रत्नव्वा म्हणाली, "मग ठरवणार कोण?"
पाकीट.
"म्हंजे कौलच की."
मी नाही म्हटलं नाही. वेळ नव्हता.
कौलाच्या मागं कुणी तरी जाणतं बसलेलं असतं.
पाकिटामागं कुणीच नाही,
तेवढ्यापुरतंच ते खरं.
'सर्व समजले' असा एक रकाना आहे.
"समजाय डोकं जाग्यावर हाय का बाई," म्हणत
तिनं सही केली, जोडाक्षर अडखळलं.
मी 'होय'वर खूण केली.

भोक निघालं मटकीच्या दाण्याएवढं.
साडेचारला शेवटचा टाका, मग पाकीट फोडलं.
लवकर.
लवकर म्हणजे चौदाव्या तासाला तीस मिली पाणी.

संध्याकाळी साडेसहाला मी कप घेऊन उभी.
जिनगोंडांनी खिडकीकडं बघितलं.
"दिवस मावळला. आता उद्या."
काका, औषध समजून घ्या.
"समजलो की. पण डाग दिला की सांधा निवस्तोवर
आम्ही हात लावत न्हाई.
तुमचा दोरा काय चांदीपेक्षा शाणा?"
यावर माझ्याकडं संदर्भ नव्हता.

न पाजण्याचं कारण:
उलटी, पोटफुगी, नळीतून पित्त, शुद्ध नसणं, इतर.
इतरच्या पुढं मी लिहिलं, सूर्यास्त.

पुण्याहून आकडेवाल्या बाईंचा फोन.
सूर्यास्त म्हणजे काय?
म्हटलं, सूर्य मावळला.
पलीकडं थोडा वेळ कीबोर्डसुद्धा वाजला नाही.
मग, यांना 'उशिरा'त टाकू का, मीच विचारलं.
छे. पाजलं नाही तरी ते 'लवकर'मधलेच.
जिथं दिले, तिथंच मोजायचे.
दिल्या घरचे, म्हटलं.
त्या हसल्या. मला हसू आलं नाही.
एकशे चार नंबरही तसाच मोजतात.
तो दिल्या घरी दीड दिवस होता.

सकाळी सहा त्रेपन्नला काकांनी स्वतःच कप मागितला.
तीस मिली, मग तीस, मग "ओता की जरा हात सैल सोडून."

तिसऱ्या पहाटे, गंगावेशीत म्हशी दारात उभ्या राहतात त्या वेळेला,
कॉट नऊवरून एक लांब, बिनधास्त आवाज.
रत्नव्वानं तोंडाला पदर लावला.
समोरचा मूतखडा अंधारातून ओरडला, "सुटला रे!"
जसा काही खटल्यातून.
मी घड्याळ बघितलं. पाच बावीस.
एवढ्या आनंदाची नोंद तासात आणि मिनिटांतच होते.

घरी जाताना म्हणाले,
"मग काय निघालं? लवकर बरं का उशिरा?"
अजून नाही कळलं. दोनशे चाळीस व्हायचेत.
"आणि मी बरा झालो ते?"
ते झालात.
"ते धरत न्हाई व्हय?"
धरतो की काका. एक ओळ.
एका ओळीत मावणारं हसू हसून
ते पोटावर हात धरून जिना उतरले,
सांधा निवतोय तसे, सावकाश.

पेटीत एकशे तेवीस पाकिटं उरलीत.
जाड कागद, आत काळा अस्तर.
ट्यूबलाइटपुढं धरलं तरी काही दिसत नाही.
धरून पाहिलंय मी,
एकशे चारच्या रात्री.