चोपचिनी

शहात्तर नंबरच्या बरणीत असते ती.
बरणी चिनीमातीची, आतलं मूळही चिनी,
आणि मधल्या मारुतीजवळच्या आमच्या दुकानातून
दोघांच्याही गावाला कुणी गेलेलं नाही.

अप्पा सांगायचे, आधी बोटीतून, मग मुंबईहून गोणीत.
गोणीवर शिसपेन्सिलीनं फक्त: चोप. चि.
एकदा एका शाळकरी पोरानं साखर समजून तुकडा चोखला,
थुंकायलाही त्याला चव सापडेना.
तसलीच आहे ती. कडूही नाही धड.
आल्यासारखी गाठाळ, आतून गुलाबीसर,
अडकित्त्याला न जुमानणारी.

कशाला देतात? सांध्यांना. जुन्या खरजेला.
आणि त्या तिसऱ्या दुखण्याला, ज्याचं नाव
गिरणीच्या पगाराच्या संध्याकाळी
माणसं तराजूकडे बघत सांगायची.
अप्पा नाव ऐकायच्या आधीच पुडी बांधायचे.

नरसव्वा गड्डम यायची ती मल्लेशमच्या गुडघ्यांसाठी.
मागावर चाळीस वर्षं पाय मारलेले गुडघे.
तिच्या बोटांना विडीच्या तंबाखूचा वास.
चिमूटभर पूड, कोमट दूध, अनशापोटी,
आणि चाळीस दिवस मीठ बंद.
"मीठ?" ती हसलीच होती पहिल्यांदा,
"शेंगाचटणीशिवाय भाकरीला हात लावत नाही तो."
मग तिनंही सोडलं, त्याच्यासमोर बसून.
अळणी भाकरी, अळणी आमटी,
सुपात विड्या, हजाराला दोन-चार कमी भरलेल्या.

गुण आला का, मला माहीत नाही.
काही दिवस तो जिना उतरायचा म्हणे,
काही दिवस नाही.

परवा ती पुडी परत घेऊन आली.
दोऱ्याची गाठ माझीच, न सुटलेली.
"आता कुणाला," एवढंच म्हणाली.
दिलेलं औषध परत घ्यायचं नाही,
हा अप्पांचा नियम
मी पुडीबरोबर तराजूत ठेवला.
पस्तीस ग्रॅम भरला.

पैसे देऊ लागले तर नको म्हणाली.
"मीठ आहे?"
साधं आम्ही ठेवत नाही. सैंधव होतं,
त्या मुळाच्या आतल्या रंगाचं.
खडा तिनं तिथंच, पायरीवर उभ्यानं, तोंडात टाकला
आणि डोळे मिटून घेतले.
मागच्या बोळात कुणाचे तरी माग चालू होते.
"चाळीस कधीच होऊन गेले," ती म्हणाली,
"मोजायचेच राहिले."