ओळ सतराशे चार

मार्चात जादा कामाचे पैसे मिळत होते.
शिवडीच्या दवाखान्यात, रेकॉर्डच्या खोलीत,
मी नावं काढायचे.

म्हणजे रकाना निवडायचा, बटण दाबायचं,
की चार हजार एकशे बारा माणसं
एका टिचकीत बिननावाची.
पत्ता गेला, फोन गेला, आधार गेलं.
साहेब म्हणाले, आता ही कुणाचीच नाहीत,
संशोधनाला बिनधास्त पाठवा.

राहिलं एवढंच:
बाई की पुरुष, जन्मतारीख, पिनकोड, धंदा,
गोळ्या कधी सुरू, कधी सुटल्या, पुन्हा कधी सुरू.

आईने बाबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही.
"इकडून" म्हणायची, फार तर "आमच्याकडचं माणूस",
आणि चाळीतल्या मांजरालाही कळायचं
कोण चिडलंय, आज कुणाला मुगाची खिचडी हवीय.
बटण दाबताना
हे मला आठवायला हवं होतं.

दुपारी डबा उघडला. दोन पोळ्या, दुधीची भाजी.
स्क्रोल जिथे थांबला तिथे थांबला:
ओळ सतराशे चार.
स्त्री. एकोणतीस फेब्रुवारी, अडुसष्ट.
चार लाख पंधरा.
धंदा: पोळी-भाजी केंद्र.

मी शोधलं नव्हतं, शपथ.
घास तोंडात होता.

वाढदिवस चार वर्षांनी एकदाच येतो, म्हणून
द्वारकामावशी त्या दिवशी गिऱ्हाइकांना
एकेक पुरणपोळी फुकट देतात.
मागच्या खेपेला पाटीवर खडूने लिहिलेलं,
"आज मी चौदा वर्षांची."
कुणीतरी फोटो काढून दुकानाच्या पानावर टाकला,
सत्तावन्न अंगठे आले, त्यात एक माझा.
आणि तो खोकला? "फोडणीचा ठसका गं."
दोन महिने बंद शटर? "गावी गेले होते, पेंडूरला."

कोर्स पूर्ण, रुग्ण बरा,
हेही शेजारच्याच रकान्यात होतं.
तरी क्षणभर माझा जबडा थांबला.
ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

साहेबांना म्हटलं, ही ओळ ओळखू येते.
ते हसले. "तुम्हाला येते, कारण तुमची ओळख आहे."
मी म्हटलं, साहेब,
ज्याला कुणीच ओळखत नाही असं माणूस
कुठल्या पिनकोडात राहतं?
त्यांनी चष्मा पुसला.
फाईल सकाळीच गेली होती.

संध्याकाळी जेट्टीवर गेले, उगाच.
ओहोटीच्या चिखलात हजारो रोहित, सगळे सारखे.
एकाच्या पायात कडं होतं, त्यावर आकडा,
आणि तीन दुर्बिणी त्याच्यावरच.
बाकीच्यांना कुणी विचारत नव्हतं
गेल्या वर्षी कुठे होतास.
मला वाटायचं आपण कडी काढतोय.

मेमध्ये मावशींकडची रांग आखूड झाली.
ऊन असेल. नाक्यावर नवीन कँटीन निघालंय, तेही असेल.
मी विचारलं नाही. मी रोज दोन पोळ्या जास्त घेऊ लागले,
रात्री त्या सुकतात.

काल कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या,
"दवाखान्यात कंप्युटरवर असतेस ना गं तू?
छान झालं.
आईबापाचं नाव काढलंस."