सशाचे मागचे दात

सीताफळाचं रोप लावायला
बोरिंगच्या मागं हातभर खड्डा घेतला
तर टिकावाला काहीतरी हलकं लागलं.
खडा असता तर टिकाव ओरडला असता.
हाड कोरडं बोलतं.

एकतीस वर्षं अंबाजोगाईच्या कॉलेजात
प्राणिशास्त्राच्या लॅबमधला मामा होतो मी.
बेडूक आणायचे, फॉर्मलीनच्या बरण्या पुसायच्या,
दर परीक्षेनंतर कबुतराचा सांगाडा
तारेनं पुन्हा बांधायचा,
कारण पोरं एखादा मणका खिशात घालून न्यायची.
सर शिकवायचे, मी मागं उभा.
पुस्तक उघडलं नाही कधी,
धूळ पुसता पुसता बोटांना पाठ झालं.

म्हणून टिकाव ठेवला, खुरपं घेतलं,
खुरपंही ठेवलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला,
आणि परातीत मांडत गेलो एकेक.

गल्ली जमली.
जुनैद म्हणाला, डायनासोर.
पोस्टातले दगडूअप्पा म्हणाले, करणी हाय, शिवू नका.
कुणी मांजर म्हणालं, कुणी मुंगूस.
कोंबडी म्हणणाऱ्याच्या हातात नुसतं एक हाड दिलं:
पाखराचं पोकळ असतंय, फुंकणीवानी.
हे तोलून बघ.

प्रयागबाई त्यांच्या दारातूनच बघत होत्या.
हट्टी बाई. नळाची लाईन आली तेव्हा
त्यांच्या कण्हेरीला वळसा घालून न्यावी लागली,
आठ फूट पाईप जास्तीचा,
पैसे त्यांनीच भरले.
तिथून म्हणाल्या,
"मामा, बारक्या लेकराचं तर नाही ना?"
गल्ली हसली.
त्या हसल्या नाहीत.

दिवेलागणीला आल्या,
हातात कढीपत्त्याची डहाळी, निमित्ताला.
मी कवटी बल्बखाली धरली.
"ही बघा, गालावर जाळी. माणसाला नसती.
उंदराचा दात हळदीवानी पिवळा, ह्याचा पांढरा.
आणि खरी खूण ही:
वरच्या दोन दातांच्या मागं आणखी दोन,
कणीएवढे, लपून उभे.
सशालाच असतात."

त्यांनी चष्मा कपाळावर सारला,
बोट लावून मोजले.
दोन. मागं दोन.
"नक्की?"
नक्की.
"नक्की ना, मामा?"

मग मी मागच्या पायाचं हाड दाखवलं,
कधीतरी मोडलेलं, जरा वाकडं जुळलेलं,
जोडावर गाठ, उसाच्या पेरासारखी.
"कुणी बांधलं असंल?"
रानातल्या सशाला कोण बांधतंय, म्हणालो,
आपोआप जुळतंय.
"जुळतंय," त्या म्हणाल्या.
प्रश्न नव्हता तो.

डहाळीची पानं खुडून झाली
तरी त्या नुसती काडी सोलत बसल्या.
"सात महिन्यांचं असलं
तर किती दिवस राहतंय हो मातीत?"

लॅबमध्ये वरच्या फळीवर एक बरणी होती.
पोरींना बघवायची नाही
म्हणून मी तिचं तोंड भिंतीकडं करून ठेवायचो.
एका दुपारी सरांनी सगळं सांगितलं होतं,
काळ्या मातीत किती, मुरमात किती,
कुठलं हाड आधी जातं.
मी म्हणालो,
ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

त्यांनी मान हलवली.
जाताना चप्पल उलटी घातली, परत नीट घातली.
कढीपत्ता ओट्यावरच राहिला.

रोप लावलं. ससा त्याच्याच जागी ठेवला,
मुळाशी, जरा बाजूला.
पण हाताची सवय जात नाही:
त्याआधी वहीच्या पुठ्ठ्याचं लेबल कापलं.
नाव: ससा.
ठिकाण: बोरिंगच्या मागं, दीड फूट खाली.
नर का मादी, हा रकाना रिकामा ठेवला.
कमरेचं हाड हातात होतं,
सांगता आलं असतं.