जागेवर

फहाहीलला रात्री अकरानंतर
शायनी झोपली की मी स्वयंपाकघरात वही उघडते,
कुकर सरकवून.
खिडकीत लांब रिफायनरीची ज्योत.
तिच्या उजेडात अक्षर दिसत नाही,
सोबत होते एवढंच.

आज यकृत. आठ भाग.
तीन शिरा बांधासारख्या, वाटण्या पाडून गेलेल्या.
पोर्टलच्या भिंती चकाकतात, हिपॅटिकच्या नाहीत:
हा प्रश्न येतोच, बिनॉय सांगतो,
आणि तो दोन मार्कांनी राहिलाय म्हणजे त्याला माहीत असणार.

फलटणला आमचं मटणाचं दुकान.
काळीज मी सहाव्या वर्षी हातात धरलंय,
गरम, बोटांतून निसटणारं.
शाळेत बाई म्हणाल्या, काळीज म्हणजे हृदय.
मी हात वर केला. वर्ग हसला.
बाई, ते उजवीकडे असतं हो, बरगड्यांच्या आड.
आणि कापलं तरी पुन्हा वाढतं,
पान एकशे बारा.

दिवसभर मी लोकांना श्वास धरायला सांगते.
खुद नफस. साँस रोकिए. श्वासम पिडिक्कू.
सोडा म्हणायचं राहिलं तर
माणसं धरूनच ठेवतात,
छताकडे बघत, लालबुंद होत,
परक्या देशात सांगितलेलं सगळं ऐकायची सवय लागल्यासारखी.
मराठीत अजून कुणाला सांगावं लागलं नाही.

फ्रिजवर चिठ्ठी चिकटवलीय:
खडा असला तर मागं अंधार,
पाणी असलं तर मागं उजेड.
खाली शायनीनं लिहिलंय: अंडी, डेटॉल.

मंगळवारी टेकबहादूर आला.
मचाणं बांधतो, शुऐबाच्या बाजूला कुठंतरी.
पन्नास डिग्रीत पाणी कमी, म्हणून मूतखड्याची शंका.
उजवा गुर्दा बरा होता.
डावीकडे पाणथरी, आणि तिच्याखाली
गुर्दा असायला हवा तिथं
नुसतं आतडं, वायूनं भरलेलं.
त्याला कुशीवर वळवलं. श्वास. पुन्हा श्वास.
जेल गार पडली, माझी बोटंही.
व्रण नव्हता कुठं.
मग प्रोब खाली खाली नेत गेले, बेंबीच्या खाली,
भरलेल्या मूत्राशयाच्या कडेला
सापडला. लहानसा, जरा तिरका बसलेला.
डॉप्लर लावला तर
शेजारच्याच धमनीतून रक्त घेत होता, निवांत.

पुस्तकात हे चार ओळींत आहे.
गर्भात मूत्रपिंडं खालीच तयार होतात, मग चढत जातात,
काही मध्येच थांबतात,
थांबतात तिथली धमनी धरतात.
सहसा कामात फरक पडत नाही.
'सहसा'खाली मी रेघ मारलीय, का ते माहीत नाही.

टेकबहादूर उठून बसला, विचारलं,
दीदी, सब अपनी जगह पे है ना?
आम्हाला सांगायची परवानगी नसते.
रिपोर्ट डॉक्टर देंगे, म्हटलं,
आणि टिश्यू दोन जास्तीचे काढून दिले.
त्यानं एकच वापरला,
बाकीचे घडी घालून खिशात ठेवले.

आता दोन वाजलेत. तिकडे साडेचार.
आण्णांनी शटर वर केलं असेल.
फोन लावला. मागं सुरीवर सुरी घासल्याचा आवाज.
काय वाचतीस? गुर्दा, म्हटलं.
डावा का उजवा?
डावा.
आण्णा जरा थांबले, कुणाला तरी अर्धा किलो तोलून दिलं.
मग म्हणाले, बोकडाचा डावा कधी जागेवर नसतोय.
पोट भरलं की सरकतो पलीकडं.
आम्ही हात घालूनच हुडकतो.

माणसाची परीक्षा हाय आण्णा, बोकडाची नव्हं.
गुरुवारी.

तरी समासात लिहून घेतलं.
येणार नाही पेपरात.